सवलतीतला समुद्र

पासनापास साहेबांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये फक्त पोस्टमनला माहीत होतं, आणि तोही ते पाकिटावर वाचूनच हाक मारायचा. साहेब रबराच्या कारखान्यात मालाचा दर्जा तपासायचे. नळाचे वॉशर, कुकरच्या रिंगा, बागेचे पाइप, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. वस्तू दोन बोटांत धरायची, ताणायची, सोडायची, वास घ्यायचा, आणि ‘पास’ नाहीतर ‘नापास’ असा शिक्का हाणायचा. कारखान्यात त्यांच्याइतका कडक माणूस नव्हता.

आणि बाजारात त्यांच्याइतका ढिला माणूस नव्हता. कारखान्याचं फाटक ओलांडलं की साहेबांच्या लेखी दर्जा ही कंपन्यांनी पसरवलेली अफवा होती. त्यांच्या घरची छत्री उघडली तर मिटत नसे आणि मिटली तर उघडत नसे. इस्त्री फक्त डाव्या अर्ध्या बाजूनं गरम व्हायची. भिंतीवरचं घड्याळ उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे जायचं. कुणी काही बोललं तर साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, “चालतंय ना? मग?”

त्यांच्या बायकोला सगळी बिल्डिंग ‘बाई’ म्हणायची, कारण त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दिवसभर वर्गाशी बोलून घरी यायच्या तेव्हा त्यांच्याकडे फारसे शब्द उरलेले नसत. शिवाय घरात बोलायची गरजही नव्हती. ते काम साहेब करायचे.

प्रकरणाला सुरुवात झाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांमुळे. डॉक्टरांना नवीनच नाद लागला होता, समुद्रात बुडी मारून भाल्यानं मासे मारण्याचा. एका संध्याकाळी त्यांनी गाडीतून सामान उतरवलं. ते थेट घरी नेलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण एवढं महागाचं सामान लिफ्टनं गुपचूप वर न्यायचं म्हणजे नवी नवरी मागच्या दारानं घरात घेण्यासारखं. डॉक्टरांनी ते बिल्डिंगच्या अंगणात मांडलं.

बंदूक सतारीसारखी खोळीत निजली होती. तिच्यातून गोळी सुटत नव्हती, जाड रबराच्या ताणानं भाला सुटायचा. पायात घालायचे लांबलचक पंख काळे आणि चकचकीत. मास्क मऊ डबीत. अंगात घालायचा रबरी पोशाख तर डॉक्टरांच्या मापाचा खास शिवून आला होता.

“या पंखांच्या किमतीत स्कूटर येते,” डॉक्टर नम्रपणे म्हणाले. महाग वस्तू घेतलेला माणूस फार नम्रपणे बोलतो.

“मग स्कूटरच घ्यायची,” साहेब म्हणाले. “माशाच्या मागे निदान किनाऱ्यापर्यंत तरी पळता आलं असतं.”

लोक हसले. तिथंच थांबायला हवं होतं. पण टाळी मिळालेला माणूस आणि उतारावरची सायकल यांना थांबवणं कठीण.

“साहेब, समुद्रात तडजोड चालत नाही,” डॉक्टर म्हणाले. “जितका पैसा तितका दर्जा.”

“डॉक्टर, दर्जा मला शिकवू नका. रबर आहे हो हे. मी रबरातच केस पिकवलेत. निम्मी किंमत त्या नावाची आहे, आणि माशाला वाचता येत नाही.” आता लोक मोठ्यानं हसले, आणि साहेबांची छाती पुढे आली. “हा सगळा संच मी चौथ्या हिश्श्यात आणून दाखवतो. येत्या रविवारी तुमच्याबरोबर येतो आणि अख्ख्या बिल्डिंगला मासा खाऊ घालतो.”

तळमजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहायचे. त्यांना सगळे ‘कोर्ट’ म्हणायचे. ते खुर्चीवर पेपर उघडून बसले होते आणि ऐकत होते.

“अख्ख्या बिल्डिंगला?” कोर्टांनी विचारलं.

“अख्ख्या.”

“साक्षीदार हजर आहेत,” कोर्ट म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

बाई वर गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी खाली एकदा पाहिलं आणि चिमटे मोजायला सुरुवात केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याची छाती पुढे आली की पुढे काय येतं, हे त्यांना नकाशासारखं पाठ होतं.

एक गोष्ट मात्र साहेबांच्या बाजूनं होती. ते उत्तम पोहायचे. दोघंही नवराबायको वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या तलावावर जात, साहेब पुरुषांच्या वेळेत आणि बाई बायकांच्या. साहेबांचा दम तर असा की एका बुडीत तलावाचं दुसरं टोक गाठायचे. न थांबता बोलणाऱ्या माणसाचा दम मोठाच असतो.

दुसऱ्याच दिवशी साहेब एका दुकानात शिरले. दारावर ‘दुकान बंद करायचे असल्याने भरघोस सूट’ अशी पाटी होती. ती पाटीच इतकी जुनी होती की तिच्यावरचा ‘भरघोस’ पार पुसट झाला होता. दुकानदारानं फळीवरची धूळ झटकून एकेक वस्तू काढली.

“हा मास्क अस्सल आहे का?”

“अस्सलचा सख्खा भाऊ समजा.”

“हे पंख? डावा उजव्यापेक्षा मोठा वाटतोय.”

“साहेब, पाय तरी कुठं सारखे असतात?”

साहेबांना हे पटलं. पोशाख एकच शिल्लक होता, आणि तो एखाद्या होतकरू कॉलेजकुमाराच्या मापाचा दिसत होता. दुकानदार म्हणाला, “रबर आहे, ताणतं.” रबराच्या माणसाला हे सांगणं म्हणजे धाडसच. मग त्यानं बंदूक पुढे केली. साहेबांनी सवयीनं तिचं रबर दोन बोटांत धरलं, ताणलं, वास घेतला. रबराला बारीक बारीक भेगा होत्या. वास जुन्या गोदामाचा होता. कारखान्यात असं रबर आलं असतं तर साहेबांनी ते पाठवणाऱ्याला समोर बोलावून घेतलं असतं.

“किती म्हणालात?”

दुकानदारानं किंमत सांगितली. मग ती स्वतःच उतरवली. मग साहेब निघाल्यासारखं करून दारापर्यंत गेले आणि ती आणखी उतरली. त्या क्षणी साहेबांमधला तपासनीस दुकानाबाहेर चपला काढून उभा राहिला, आणि साहेब आयुष्यात पहिल्यांदाच एका रबराला उद्देशून म्हणाले, “चालेल.”

शनिवारी सकाळी पोशाख घालून बघायचा बेत ठरला. त्याच दिवशी मत्स्य खात्याच्या कचेरीतून परवाना आणायचा होता, आणि कचेरी दुपारी बंद व्हायची. साहेबांचा हिशेब सरळ होता. दहा मिनिटं पोशाख, मग चहा, मग कचेरी.

एक पाय घोट्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

साहेबांनी जोर लावला. पाय पुढे गेला नाही, साहेब पुढे गेले, आणि टीपॉयवरची कपबशी घेऊन सोफ्यावर आदळले. आवाजानं शेजारच्या शिवणकाकू आल्या. या काकू घरी शिवणकाम करायच्या आणि माणसाकडे बघताना त्याचं माप घ्यायच्या.

“हा तुमचा नाही,” काकू म्हणाल्या.

“ताणतो,” साहेब म्हणाले.

“तो ताणेल. तुमचं काय?”

दार उघडंच असल्यानं मग सल्ल्यांना तोटा राहिला नाही. काकूंनी पावडर लावायला सांगितली. पावडरचा अख्खा डबा रिकामा झाला आणि साहेब गुडघ्यापर्यंत आत गेले. कोर्ट काठी टेकत आले आणि म्हणाले की अंगठी अडकली की साबण लावतात, तत्त्व तेच आहे. बाईंनी बादलीत साबणाचं पाणी कालवलं. ते आतून ओतल्यावर पावडर आणि साबण यांचं असं काही जमलं की साहेब कमरेपर्यंत सरकन गेले. पुढचं काम कोर्ट आणि काकूंनी मिळून केलं. काकू ओढत होत्या आणि कोर्ट बाजूनं निर्देश देत होते. शेवटी पाठीमागची चेन गळ्यापर्यंत आली. साहेब उभे राहिले. त्यांचे हात शरीरापासून जरा लांबच राहत होते, एखाद्या पेंग्विनसारखे, आणि आवाज बारीक झाला होता.

“बघा,” साहेब बारीक आवाजात म्हणाले. “बसला की नाही?”

बसला होता. इतका बसला होता की आता उठायला तयार नव्हता. चेन खाली येईना. काकूंनी पकडीनं ओढली तर चेनचा दांडाच हातात आला.

“कात्री आणते,” काकू म्हणाल्या.

“कात्री लावायची नाही. नवीन आहे.”

“अहो,” बाई पहिल्यांदाच बोलल्या, “कचेरी बंद व्हायला आली. परवाना नाही तर उद्या समुद्र नाही.”

बाईंनी कपाटातून साहेबांचा लांब पावसाळी कोट काढला. बाहेर रणरणतं ऊन होतं. रबरी पोशाखावर कोट चढवून, काखेत बंदूक धरून, साहेब निघाले. पावलागणिक त्यांच्या आतून पच् पच् असा आवाज येत होता आणि घोट्यांपाशी फेस गोळा होत होता. रिक्षावाल्यानं आरशातून तीनदा मागे बघितलं, पण विचारलं काही नाही. काखेत बंदूक असलेल्या माणसाला फेस का येतो, हे कोण विचारणार?

कचेरीत खिडकीमागे एक कारकून बसला होता. साहेब पुढ्यात जाऊन उभे राहिले. दारापासून खिडकीपर्यंत पांढऱ्या फेसाची एक रेघ उमटली होती.

“परवाना हवाय. उद्यासाठी.”

“हे काय आहे?” कारकुनानं बंदुकीकडे बोट दाखवलं.

“मासे मारायची बंदूक.”

“बंदूक म्हणजे हत्यार. हत्याराची खिडकी समोर.”

समोरच्या खिडकीतल्या माणसानं डबा उघडला होता. त्यानं घास थांबवून विचारलं, “काय मारायचं आहे?”

“मासा.”

“मासा मारायचा तर ते साधन. माणूस मारायचा असेल तर इथं या. साधनाची खिडकी समोर.”

साहेब परत पहिल्या खिडकीशी गेले. फेसाची दुसरी रेघ उमटली. अंगाला आता इतका घाम सुटला होता की पोशाखाच्या आत आपण एकटे नाही, असं त्यांना वाटू लागलं. पहिला कारकून म्हणाला, ते साधन म्हणत असतील तर तसं लिहून आणा. दुसरा म्हणाला, मी साधन म्हणालो, पण लिहून देण्याचा अधिकार मला हत्यारांपुरताच आहे. अशा दोन फेऱ्या झाल्या. सफाईवाल्यानं मध्येच ‘फरशी ओली आहे’ अशी पाटी आणून ठेवली. साहेब जिकडे जातील तिकडे तो ती पाटी घेऊन मागोमाग यायला लागला.

साहेबांचा स्वाभिमान दुखावला. आपण एका नामांकित कारखान्यातले अधिकारी, आपल्या शिक्क्याशिवाय वॉशर हलत नाही, आणि इथं आपल्या मागे पाटी फिरते आहे.

“हे बघा,” ते जमेल तितक्या भरदार आवाजात म्हणाले, “तुम्ही स्वतः तपासून घ्या. तपासल्याशिवाय शिक्का मारूच नये, हे मलाही मान्य आहे.”

कारकुनालाही कंटाळा आला होता. तो बाहेर आला. त्यानं कोपऱ्यातला एक पुठ्ठ्याचा खोका दाखवला आणि म्हणाला, “मारून दाखवा. हत्यार आहे का साधन, मग ठरवू.”

सगळी कचेरी भिंतीला चिकटून उभी राहिली. साहेबांनी रबर ताणलं, नेम धरला आणि चाप ओढला. भाला बाहेर आला. आला म्हणजे निघाला, थोडा हवेत राहिला, मग खोक्याच्या बराच अलीकडे, थकलेल्या माणसानं पथारीवर अंग टाकावं तसा आडवा झाला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कारकून पुढे झाला, त्यानं भाला उचलून साहेबांच्या हातात दिला आणि सहानुभूतीनं म्हणाला, “साधन आहे.” त्यानं शिक्का मारला. परवान्यावर शेरा लिहिला होता, ‘साधन. निरुपद्रवी.’

घरी परतेपर्यंत घाम आणि साबण यांनी आतून आपलं काम केलं होतं. डॉक्टरांनी एक बाही धरली, कोर्टांनी दुसरी, आणि काकूंनी न विचारता काखेत कात्री घातली. साहेब ओल्या साबणाच्या वडीसारखे सटकले आणि कपाटावर जाऊन आपटले. डॉक्टरांनी आधी त्यांचे दात बघितले, मग बाकीचे साहेब. सगळं जागेवर होतं. संध्याकाळपर्यंत काकूंनी चेन बदलली आणि पोशाखाला दोन्ही काखांतून ठिगळं जोडली. जाड कापड घरात एकच होतं, पडद्याचं. काळ्या रबरावर मोठी मोठी गुलाबी फुलं उमटली. आता पोशाख साहेबांना अगदी मापात बसत होता, हे मात्र मान्य करावं लागेल.

रविवारी सकाळी भाड्याच्या होडीत तिघं बसले. डॉक्टर, साहेब आणि बाई. बाई पोहण्याचा पोशाख घालून, वर सदरा चढवून आल्या होत्या. “तुला कशाला त्रास,” असं साहेब म्हणाले होते. “कुणीतरी शुद्धीवर हवं,” असं त्या म्हणाल्या होत्या. होडीवाला खडकांपाशी नांगर टाकून टोपी तोंडावर घेऊन पडला.

डॉक्टरांची तयारी बघण्यासारखी होती. एकेक वस्तू डबीतून निघत होती, पुसली जात होती आणि जागेवर बसत होती. पाण्यात उतरले तेव्हा ते एखाद्या जाहिरातीतून उतरल्यासारखे दिसले. त्यांनी श्वास भरला, कंबरेत वाकले आणि बुडी मारली. काळे चकचकीत पंख क्षणभर उन्हात चमकले आणि खाली गेले.

आणि लगेच वर आले.

“पाणी गढूळ आहे,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

पाणी इतकं नितळ होतं की होडीची सावली तळाला दिसत होती. डॉक्टरांनी पुन्हा बुडी मारली. या वेळी वर येऊन म्हणाले, प्रवाह आहे. तिसऱ्यांदा म्हणाले, कानात दुखतंय. बाईंच्या हळूहळू लक्षात आलं की डॉक्टरांनी समुद्रासाठी लागणारं सगळं विकत घेतलं होतं, फक्त दम तेवढा दुकानात मिळाला नव्हता. शिवाय खडकाजवळ गेले की ते बंदूक छातीशी धरत, तान्ह्या मुलाला गर्दीत धरतात तशी. ओरखडा उठला तर?

इकडे साहेबांनी मिशीला दाबून व्हॅसलिन चोपडलं होतं. मास्क मिशीवर बसत नाही, मिशी काढा, असं डॉक्टरांनी आदल्या दिवशी सुचवलं होतं. साहेबांनी त्यावर व्हॅसलिनची डबी विकत आणली होती. आता ते फुलाफुलांच्या काखा उघडून पाण्यात पडले आणि एका दमात सरळ तळाकडे गेले.

मास्क मिशीपाशी गळू लागला. आधी नाक बुडालं, मग निम्मे डोळे. बाहेर समुद्र आणि आत समुद्र, मध्ये फक्त काच. त्या अर्ध्या उजेडात त्यांना खडकाखालून काहीतरी सरकताना दिसलं. जाड ओठांचा, दांडगा मासा कपारीतून बाहेर आला आणि साहेबांसमोर थांबला. साहेबांनी बंदूक रोखली आणि चाप ओढला.

रबर तुटलं. त्याचं एक टोक फाडकन साहेबांच्या कानाखाली बसलं. भाला बंदुकीतून ओघळला आणि वाळूत टेकला. मासा पळाला नाही. त्यानं भाल्याकडे बघितलं, तुटलेल्या रबराकडे बघितलं, गुलाबी फुलांकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि साहेबांना असं वाटलं की हा प्राणी आता शिक्का मारणार. मग तो सावकाश वळून कपारीत निघून गेला.

साहेब वर आले तेव्हा गाल लाल झाला होता. काय झालं, असं विचारायला डॉक्टरांनी तोंड उघडलं तेवढ्यात बाई म्हणाल्या, “अहो, तुमचा पाय चाललाय.”

डाव्या पायातला मोठा पंख निसटून लाटांवर डुलत दूर निघाला होता. साहेब एका पंखानं त्याच्या मागे जायला लागले, पण एकाच पायात पंख असल्यानं ते गोल फिरून होडीपाशीच येत होते. बाईंनी सदरा काढला, होडीच्या कडेवरून सूर मारला आणि पंख घेऊन परत आल्या.

“जरा तो मास्क बघू,” त्या म्हणाल्या.

“गळतो तो,” साहेब पडेल आवाजात म्हणाले. “नापास आहे. समोर आलेला मासा कपारीत निघून गेला.”

बाईंनी मास्क लावला, नाकानं श्वास ओढून बघितला. तो चेहऱ्याला असा चिकटला की पट्ट्याचीही गरज नव्हती. त्या खाली वाकल्या आणि दिसेनाशा झाल्या.

पाण्यावर दोघं पुरुष तरंगत राहिले. वेळ जाऊ लागला.

“बराच वेळ झाला,” डॉक्टर म्हणाले.

“ती बायकांच्या वेळेत जाते,” साहेब म्हणाले. “मी तिला कधी पोहताना बघितलंच नाही.” बोलताना त्यांना त्या वाक्याचं स्वतःलाच वाईट वाटलं. आणखी थोडा वेळ गेला आणि त्यांनी श्वास भरून घेतला. ते बुडी मारणार तोच बाई वर आल्या. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. वर्गात एखाद्या मागच्या बाकावरच्या पोरानं अचानक बरोबर उत्तर दिल्यावर शिक्षिकेचा व्हावा तसा तो चेहरा होता.

“तुमचा मासा गेलेला नाही,” त्या म्हणाल्या. “त्या मोठ्या खडकाखालीच आहे. कपारीला दोन तोंडं आहेत. डावीकडून गेलात तर तो उजवीकडून बाहेर येईल.”

“पण माझी बंदूक संपली,” साहेब म्हणाले.

“आणि तिथवर मला जाता येत नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि बोलून गेल्यावर चपापले, कारण आतापर्यंत दोष पाण्याचा, प्रवाहाचा आणि कानाचा होता.

बाईंनी दोघांकडे बघितलं. “एकाकडे बंदूक आहे, एकाकडे दम आहे. दोघं मिळून एक शहाणा माणूस होतोय का बघा.”

डॉक्टरांनी बंदूक दिली ती मुलगी सासरी पाठवावी तशी. “खडकाला लागू देऊ नका. चाप हळू ओढा. आणि भाला—”

“डॉक्टर, द्या आता.”

त्यांनी आपला मास्कही दिला. एवढा महागाचा मास्क, पण मिशीपुढे तोही हरला. मात्र सावकाश हरला, आणि साहेबांना तेवढा वेळ पुरेसा होता. बाई डाव्या तोंडाशी गेल्या आणि त्यांनी कपारीत हात हलवला. साहेब उजवीकडे दबा धरून राहिले. मासा बाहेर आला, आणि या वेळी बंदूक थकलेली नव्हती. हाताला बसलेल्या हिसक्यानं साहेब मागे सरकले. जाड ओठांच्या त्या माशाला काही बघायला वेळच मिळाला नाही.

मासा पाण्याबाहेर आला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं डॉक्टर ओरडले. इतक्या मोठ्यानं की होडीवाला उठून बसला. मग त्यांचं लक्ष बंदुकीकडे गेलं. नळीवर खडकाचा एक लांब, पांढरा ओरखडा होता. साहेब खजील होऊन काही बोलणार, तर डॉक्टर त्यावरून बोट फिरवत म्हणाले, “आता कुठं ही वापरल्यासारखी दिसते.” पुढे ते आलेल्यागेलेल्याला मासा नाही, ओरखडा दाखवायला लागले.

बिल्डिंगच्या अंगणात माणसं ताटल्या घेऊनच बसली होती. मासा चांगला थोरला होता, पण अख्ख्या बिल्डिंगसमोर कुठलाही मासा लहानच दिसतो. वाद निघाला की मासा कुणाचा? बंदूक डॉक्टरांची, नेम साहेबांचा. कोर्टांनी दोन्ही बाजू ऐकल्या, घसा साफ केला आणि निकाल दिला की मासा दोघांचा, शोध बाईंचा, आणि डोकं कोर्टाचं.

बाईंनी आणि काकूंनी तुकडे तळले. प्रत्येकाच्या वाट्याला सुपारीएवढा आला. पण त्या सुपारीएवढ्या तुकड्यावर लोक इतका वेळ बोलत बसले की आजूबाजूच्या बिल्डिंगमध्ये मेजवानीची बातमी पसरली. कचेरीतली फेसाची रेघ साहेबांनी स्वतः सांगितली, भाला कसा आडवा झाला ते जमिनीवर झोपून दाखवलं, आणि परवान्यावरचा ‘निरुपद्रवी’ हा शेरा खुद्द कोर्टांनी मोठ्यानं वाचला. साहेब सगळ्यात जास्त हसत होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका ताणून बघणाऱ्या माणसाला स्वतःची चूक इतकी लवचिक निघेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते परत गेले. होडी तीच, माणसं तीच. मधल्या आठवड्यात मात्र हवा पालटली होती. साहेब आता म्हणत होते की समुद्रात तडजोड चालत नाही, रबर घ्यायचं तर पहिल्या प्रतीचं, पैशाकडे बघायचं नाही. डॉक्टर म्हणत होते की त्यांनी चौकशी केली आहे, बाजारात निम्म्या किमतीत अगदी तशीच बंदूक मिळते, निम्मे पैसे नावाचेच असतात. वाद इतका रंगला की दोघंही होडीतच बसून राहिले. सामान डब्यांतून निघालंच नाही.

बाई केव्हाच पाण्यात उतरल्या होत्या. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, मागितलीही नव्हती. तोच मास्क होता, आणि साहेबांनी तो परत मागायचा विचार सोडून दिला होता. होडीच्या कडेला दोघं वाकले आणि तिथून सल्ला सुरू झाला.

“श्वास हळू सोड.”

“बाई, पाय सरळ ठेवा, गुडघ्यात वाकवू नका.”

“डावीकडे बघ, अगं डावीकडे.”

पाण्यावर बुडबुडे आले आणि फुटले. दोघं त्या बुडबुड्यांना समजावत राहिले. बऱ्याच वेळानं बाईंचं डोकं वर आलं. त्यांनी मास्क कपाळावर सारला. केस गालाला चिकटले होते आणि त्या हसत होत्या, एकट्याच, मनापासून.

“काय दिसलं?” साहेबांनी विचारलं.

“मासे आहेत. पुष्कळ आहेत.” त्यांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “पण तसं नाही हो. खाली किती छान आहे. कुणी बोलतच नाही.”

मग त्यांनी मास्क खाली ओढला, भरपूर श्वास घेतला, आणि पुन्हा गेल्या.